कंपायलरचा तर्क
‘गुण शून्याहून कमी आहेत का?’ ही माझ्या फंक्शनमधली तपासणी कंपायलरने गाळलेली पाहून मी चकितच झालो. पण ते फंक्शन त्या एकाच फाइलीपुरते होते, आणि दोनच ठिकाणांहून बोलावले जाई. दोन्हीकडे गुण तपासूनच पाठवले जात: एकीकडे ० ते २०, दुसरीकडे ० ते ८०. दोन्ही पल्ले मिळून ० ते ८०. मग ऋण संख्या येणार कोठून?

पॅट्रिक व राधिया कूझो या दांपत्याने १९७७ साली अशा तर्काला गणिती बैठक दिली. जीसीसी कंपायलरच्या २०१७ मधील सातव्या आवृत्तीपासून तो एका फंक्शनातून दुसऱ्यात पोचतो.

मात्र फंक्शन इतर फाइलींना खुले असेल, तर सर्व बोलावणारे दिसत नाहीत. तेव्हा तपासणी राखलीच पाहिजे. वेग थोडा कमी चालेल. उत्तर चुकलेले चालणार नाही.