बांधाकडची ओळ

ऑक्टोबर लागला की तासगावच्या पंचक्रोशीत पहाटे पाचलाच जाग येते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, पिशवीत भाकरी आणि छाटणीची कात्री घेतलेली माणसं नाक्यानाक्यावर जमतात, जीप-टेम्पोत दाटीवाटीनं बसतात आणि उजाडायच्या आत कुठल्या तरी द्राक्षबागेत पोचलेली असतात. द्राक्षाची फळछाटणी म्हणजे वर्षाचा जुगार. त्या चार दिवसांत वेलीवर कात्री कशी फिरते, त्यावर पुढं फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडवाला घड किती लोंबणार ते ठरतं. सोसायटीचं, बँकेचं, औषधाच्या दुकानदाराचं, सगळ्यांचं देणं त्या घडांना बांधलेलं असतं.

आणि ही कात्री ज्यांच्या हातात असते, त्यांतले पुष्कळजण अजून तिशीलाही टेकलेले नसतात. या कामाचं कुठलंही प्रमाणपत्र त्यांच्याकडे नसतं. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. असल्याच एका कागदापायी माझ्या हातून एकदा चूक झाली होती, म्हणून सांगतोय.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा या भागातल्या एका ग्रामीण शाखेत फील्ड ऑफिसर होतो. वय अठ्ठावीस, नवी मोटरसायकल आणि डोक्यात बरीच हवा. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेची कर्जं वाटायचे ते दिवस. तिच्याच जोडीला १५ ऑगस्ट १९७९ पासून ‘ट्रायसेम’ नावाची योजना सुरू होती. अठरा ते पस्तीस वयाच्या गरीब ग्रामीण मुलामुलींना एखादा धंदा शिकवायचा, शिकताना थोडं विद्यावेतन द्यायचं आणि मग बँकेनं कर्ज देऊन त्यांना पायावर उभं करायचं, अशी ती कल्पना. कल्पना चांगलीच होती. आमच्याकडे मुलं यायची ती शिवणकाम, सुतारकाम, रेडिओदुरुस्ती असं काहीबाही शिकून. कागद नीट असला की मी सही करायचो.

एके दिवशी चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण समोर येऊन उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसेना. म्हणाला, “सायेब, फवारणीचा पंप घ्यायचाय आन् धा-बारा कात्र्या. माझी टोळी हाय छाटणीची.” शिक्षण विचारलं, तर सातवी. प्रशिक्षण कुठं घेतलंस, तर म्हणाला, “बागंतच की.” मी त्याला समजावलं, की बाबा रे, असं चालत नाही. आधी कुठंतरी रीतसर शिकून ये, दाखला आण, मग बघू. त्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि “बरं हाय” म्हणून तो निघून गेला.

योजनेनं मला अडवलं नव्हतं, हे इथं कबूल केलं पाहिजे. साहेबांशी बोलून, चार कागद जास्तीचे लावून त्याचं काम करता आलं असतं. पण माझ्या डोक्यात कौशल्य म्हणजे दाखला, असं समीकरण पक्कं बसलं होतं. त्याच महिन्यात मी शिवणकामाचा दाखला आणलेल्या एका मुलाला यंत्रासाठी कर्ज मंजूर केलं. वर्षभरानं वसुलीला गेलो तेव्हा ते शिलाई यंत्र त्याच्या बहिणीच्या रुखवतात बसून सासरी गेलेलं होतं. मुलाचा तरी काय दोष? त्याला शिवायला शिकवलं होतं, पण गावात त्याच्याकडून कोणी एक सदरा शिवून घेतला नव्हता.

पुढं तीनेक वर्षांनी एका द्राक्षकर्जाच्या तपासणीसाठी बागेत गेलो, तर हा गडी तिथं बारा-तेरा माणसांना कामाला लावून स्वतः एका वेलीपाशी उभा. त्यानं मला ओळखलं. राग वगैरे काही दाखवला नाही. उलट चहा मागवला आणि मी विचारल्यावर छाटणी म्हणजे काय ते दाखवलं. एप्रिलात खरड छाटणी होते, तिथून नव्या काड्या फुटतात. त्या काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ उन्हाळ्यातच तयार होत असतो; बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरात काडी हातात घ्यायची, तिची जाडी बघायची, रंग बघायचा, पेर किती आखूड ते बघायचं आणि नेमका कुठल्या डोळ्यावर घड आहे त्याचा अंदाज घेऊन त्याच्या पुढं कात्री लावायची. एक डोळा मागंपुढं झाला तर नुसता पाला. आणि ही चूक आज दिसत नाही, पंधरा-वीस दिवसांनी फूट निघाल्यावर दिसते. तोवर वेळ गेलेली असते.

“शिकलास कसा?” मी विचारलं. त्याचं उत्तर मला अजून पाठ आहे. पहिल्या साली नुसत्या छाटलेल्या काड्या वेचल्या. दुसऱ्या साली तारेला काड्या बांधल्या. तिसऱ्या साली बागमालकानं त्याच्या हातात कात्री दिली आणि म्हणाला, “ती बांधाकडची वळ तुझी. बिघडली तर तेवढीच बिघडंल.”

बांधाकडची ओळ ही सगळ्यांत रोगट. कडेला असते, वाऱ्याचा-धुळीचा मार खाते, तिच्यावर मालकाची फारशी आशा नसते. पण ओळ खरी असते, तिला लागणारे घडही खरे असतात. आणि चूक झाली तर ती कुणाची, हे साऱ्या बागेला कळतं. मला वाटतं, तरुणांना कौशल्य आणि नेतृत्व शिकवण्याच्या गोष्टी आपण ज्या व्यासपीठांवरून करतो, तिथं हीच ओळ नेमकी राहून जाते. शिबिर असतं, फळा असतो, शेवटच्या दिवशी दाखला आणि अल्पोपाहार असतो. ज्यात काही बिघडू शकेल असं काम मात्र आपण त्यांच्या हातात देत नाही.

तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांचं नाव बागायतदारांना सांगायला नको. थॉम्सन सीडलेसच्या वेलींतून निवड करून ‘तास-ए-गणेश’ हा वाण त्यांनी पुढं आणला आणि पुढं तो राज्यभरातल्या बागांत लागला. नाव ऐकलं की तासगाव आणि तिथला उजव्या सोंडेचा गणपती दोन्ही डोळ्यांपुढं येतात. एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो वेलींतली निराळी वेल हेरायची नजर कुठल्या वर्गात मिळत असेल? ती वर्षानुवर्षं वेलीखाली उभं राहूनच येते. शास्त्र नको असं मात्र मी म्हणत नाही. आज छाटणीआधी काडी प्रयोगशाळेत पाठवून डोळे तपासून घेतात आणि ते योग्यच आहे. पण तो अहवाल वाचून कात्री लावणारा हात लागतोच.

तासगावपासून फार लांब नाही, कुंडल रोड स्टेशनच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. बेळगावातली जागा सोडावी लागली होती, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आधार दिला. निवडुंग आणि साप यांच्या त्या माळावर लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसं बघितली तर आजच्या कुठल्याही कर्मचारी-निवड समितीनं कपाळाला हात लावला असता. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं कल्पक इंजिनिअर झाले. ज्यांच्याकडून काही व्हायचं नाही असं सगळे म्हणत, त्या के. के. कुलकर्णींनी व्यवस्थापन सांभाळलं. शंभूराव जांभेकर इंजिनिअर होते, आग लागली तर विझवायला तेच आणि कुणी आजारी पडलं तर औषध द्यायलाही तेच. वाडीच्या राखणीला तर दरोड्याची शिक्षा भोगून आलेली दोन माणसं होती, आणि त्यांनी ती राखण चोख केली. बँकेतल्या माझ्या भाषेत सांगायचं तर यांतल्या एकाचीही ‘पत’ नव्हती. लक्ष्मणरावांनी आधी काम दिलं, पत मागून आली.

याच किर्लोस्करांचे नांगर खपवण्याचं काम काही काळ भाऊराव पाटलांनी केलं होतं. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र राबली, स्वतः स्वयंपाक करून एका पंगतीत जेवली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज भिंतीवर रंगवलेले दिसतात तेव्हा त्यातलं फक्त ‘कमवा’ आपल्याला दिसतं, म्हणजे गरिबाच्या फीची सोय. पण पिठात पाणी जास्त झालं तर सगळ्या पंगतीची भाकरी बिघडते, हे ज्या मुलाला पंधराव्या वर्षी कळलं, त्याला नेतृत्वावरचं व्याख्यान वेगळं द्यावं लागत नाही. तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील असंच काम करत शिकले आणि १९७९ साली सावळजमधून जिल्हा परिषदेत गेले तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काय मत असायचं ते असो, आबांना त्या वयात लोकांनी एक ओळ दिली होती, एवढं खरं.

तरुणांवर एवढा भरवसा टाकता येतो का, असं विचारणाऱ्यांना या भागात दूर जावं लागत नाही. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि तिथं तिरंगा लागला. कुंडलचे जी. डी. बापू लाड तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. पुढच्याच आठवड्यात, १० सप्टेंबरला, इस्लामपूरच्या मोर्चात किर्लोस्करवाडीतले इंजिनिअर उमाशंकर पंड्या गोळीला बळी पडले. नंतर प्रतिसरकार उभं राहिलं आणि तुफान सेनेची धुरा बापूंनी वाहिली ती विशीतच. क्रांतिसिंह नाना पाटील वयानं मोठे होते, पण सगळा कारभार मुठीत धरून ते बसले नाहीत. पोरांना वाव दिला.

आज काय दिसतं? तासगावातल्या अभ्यासिका पहाटेपासून भरलेल्या असतात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पाण्याची बाटली, भिंतीवर वेळापत्रक. तीस-बत्तीस वर्षांचे होईपर्यंत ही मुलं कशाचीच जबाबदारी न घेता फक्त तयारी करत असतात. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ धजत नाही. अवकाळी पावसानं ओळीनं दोन हंगाम मारलेली बाग बापानं कुऱ्हाड लावून काढलेली ज्यानं पाहिली, त्यानं सरकारी नोकरीकडे का बघू नये? पण त्याच वेळी बागांत छाटणीला बिहारहून आलेली मुलं दिसतात. ती इथं येऊन शिकली, टोळ्या करून राहिली, आता भाव ठरवून काम घेतात.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा आपल्याकडे १९६१ मध्येच झाला. जर्मनीत ज्या पद्धतीचा एवढा बोलबाला आहे, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत, तिचा कायदा १९६९ चा, म्हणजे आपल्यानंतरचा. फरक एवढाच, की तिथं मालकालाही वाटतं, शिकवणं हे आपलं काम आहे. आपल्याकडे २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे, अभ्यासक्रम पुष्कळ झाले आहेत. बेदाण्याचे सौदे जिथं होतात त्या बाजारात, शीतगृहात, औषधांच्या दुकानात, सोसायटीत एक-एक मुलगा किंवा मुलगी वर्षभर खऱ्या हिशेबाला बसवली तर कुणाचं काय बिघडेल? थोडं बिघडेलच. बांधाकडची ओळ बिघडायचीच असते.

गेल्या वर्षी जुलैत माझ्या घरी एक मुलगी आली. वय सव्वीस-सत्तावीस. त्या छाटणीवाल्याची पुतणी. “तात्यांनी सांगितलं, काकांकडं जा, त्यांला बँकेचं सगळं ठावं हाय,” म्हणाली. तात्यांनी बाकीचं काय सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही. तिची बायकांची टोळी आहे, विरळणीची आणि डिपिंगची. घडातले दाटलेले मणी कात्रीच्या टोकानं कमी करायचे, हे काम बायकाच करतात. पंचवीस बायकांना बागेवर न्यायला जुना टेम्पो घ्यायचा होता. गाडीभाड्यातच मजुरीचा बराच भाग जातो, म्हणाली.

मी अर्ज पुढं ओढला आणि आपल्या जुन्या सवयीनं विचारलं, “हिशेब कोण ठेवतं?” तिनं पिशवीतून शाळेची दोनशेपानी वही काढली. प्रत्येक बाईचं नाव, कुठल्या बागेत किती ओळी, उचल किती, बाकी किती. पावसानं काम बंद पडलेले दिवस लाल शाईनं. एका पानावर एका बाईच्या नावापुढं तीन आठवडे कोरे होते, आणि खाली लिहिलं होतं, ‘बाळंतीण, उचल सगळ्यांच्यातनं.’

डिझेलचा खर्च मी अंदाजानं घातला तर तिनं तो खोडायला लावला. “काका, तुमी यकाच फेरीचं धरलंय. सांजच्याला सोडायचं न्हाई व्हय?”

मग प्रशिक्षणाचा रकाना आला. मी पेन धरून थांबलो. ती म्हणाली, “ते राहू द्या मोकळंच. कागद न्हाई माझ्याकडं.”

“कागद राहू दे. कुठं कुठं शिकलीस ते सांग,” मी म्हटलं.

तिनं बागा सांगायला सुरुवात केली. कुणाच्या, कुठल्या गावच्या, कुठल्या साली, तिथं काय चुकलं आणि मालकीणबाई काय बोलल्या ते सगळं. रकाना बोटभर होता. मी कपाटातून कोरा फुलस्केप काढला, वर ‘पुरवणी’ असं लिहिलं आणि तिला म्हटलं, “हं, आता पहिल्यापासून सांग.”