पाऊस किती पडला, यापेक्षा कधी पडला

बेळगाव-खानापूर भागात जूनच्या तोंडावर दोन शेतकरी भेटले की एकमेकांना विचारतात, ‘मिरग साधला का?’ तेच दोघे ऑक्टोबरात भेटले की विचारतात, ‘यंदा पाऊस किती झाला?’ यातला पहिला प्रश्न खरा शेतकऱ्याचा. दुसऱ्याचे उत्तर कितीही मोठे असले तरी त्यावरून कणगीत किती भात पडले ते कळत नाही.

आपल्या जिल्ह्याइतका असमान पाऊस फार थोड्या जिल्ह्यांत पडत असेल. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि कणकुंबी, आमगाव, जांबोटी या घाटमाथ्यावर रिकामे होतात. आमगावच्या पर्जन्यमापकात २०१० साली १०,००० मि.मी.हून अधिक पाऊस नोंदला गेला. तेथून बेळगाव शहर जवळच, पण येथे वर्षाला सरासरी १,३०० मि.मी.च्या आसपास. पूर्वेकडे अथणीपर्यंत जाल तर ६०० मि.मी.ही धड मिळत नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पश्चिमेचे हे पाणी सौंदत्तीच्या कोरड्या मुलखातील धरणात नेऊन सोडते. त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीचा आकडा वर्तमानपत्रात छापायला ठीक, पेरणीच्या कामाचा नाही.

आपल्या भाताच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींना पाऊस वेगळ्या वेळी लागतो. पहिली धूळवाफ. वळवाच्या सरींवर मशागत करायची, ढेकळे फोडायची आणि रोहिणीत कोरड्या मातीतच कुरीने भात पेरायचे. बी जमिनीत पडून मिरगाची वाट पाहते. दुसरी लावण, म्हणजे नट्टी. तरवा टाकून रोप वाढवायचे आणि आर्द्रा-पुनर्वसूत चिखलणी करून लावायचे. धूळवाफीला आधी उघडीप आणि मग बेताचा पाऊस हवा, लावणीला धो धो. एकच पाऊस एकाला तारतो आणि दुसऱ्याला बुडवतो.

धूळवाफीत खरा धोका कोरड्याचा नाही, अर्धवट ओलीचा आहे. पूर्ण कोरड्या धुळीत भाताचे बी पंधरा दिवस सहज राहते. चांगल्या ओलीत ते उगवून येते. परंतु एखादी हलकी सर पडून वरची दोन बोटे माती भिजली आणि पुढे आठ-दहा दिवस ऊन पडले, तर कोंब बाहेर येऊन करपतो. दुबार पेरणी म्हणतात ती बहुधा अशीच ओढवते. उलट, पेरलेल्या रानात पाणी साचून राहिले तर बियाला हवा मिळत नाही व ते कुजते. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शेतकऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

आता नक्षत्रांविषयी. केरळात मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख १ जून. गोव्याकडे यायला आणखी चार-पाच दिवस. म्हणजे ७-८ जूनचा मृग वाडवडिलांनी अगदी नेमका पकडला होता. पण सूर्य मृगात जाणे ठरल्या दिवशी होते, पावसाचे तसे नाही. २०२३ मध्ये मान्सून केरळात ८ जूनला आला, तर २०२५ मध्ये २४ मे रोजीच. दोनच दिवसांनी तो मुंबईत होता. इतक्या लवकर तो मुंबईला पोचल्याची नोंद नाही. त्या वर्षी वळीव आणि मान्सून यांच्यामध्ये उघडीप अशी उरलीच नाही. ज्यांचे बी तोवर जमिनीत गेले नव्हते त्यांना कुरी धरण्याजोगी कोरडी जमीन मिळणे अवघड झाले.

लवकर आला म्हणजे साल चांगले, असेही समजू नये. २००९ मध्येही मान्सून २३ मे रोजी केरळात दाखल झाला होता. पुढे जूनमध्ये देशभरात निम्म्याच्या जवळपास तूट पडली आणि चार महिन्यांअखेर पाऊस सरासरीच्या ७८ टक्के भरला. तो दुष्काळाचा हंगाम ठरला. २०२५ चा हंगाम मात्र सरासरी ओलांडून गेला. आगमन सारखेच, शेवट उलटे. पहिल्या पावसाला भुलून सगळे बी एकदम जमिनीत घालणारा माणूस जुगार खेळतो, असे आम्हाला वाटते.

२०२३ चा ऑगस्ट तर विसरण्याजोगा नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. कर्नाटकातील बहुसंख्य तालुके त्या वर्षी दुष्काळी जाहीर झाले. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडचा पाऊस थांबतो. त्याला खंड म्हणतात. खंड दर साली पडतात, चार-सहा दिवसांच्या उघडिपीत भांगलण उरकते, युरिया देता येतो. पण तो तीन आठवडे लांबला तर लावलेल्या चिखलाला भेगा पडतात. एल निनोच्या वर्षी अशी भीती जास्त असते, आणि २०२३ तसेच वर्ष होते.

दुसरे टोक म्हणजे अतिवृष्टी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा एकाच वेळी चढल्या व जिल्ह्यातील उभी पिके पाण्याखाली गेली. त्या वर्षीही जूनचा पहिला आठवडा कोरडाच गेला होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढली. अरबी समुद्र तापल्याने वाऱ्यांबरोबर येणारी वाफ कमीजास्त होते आणि येते तेव्हा एकदम येते. चार दिवसांत पडलेले ३०० मि.मी. आणि महिनाभर झिरपलेले ३०० मि.मी. वहीत सारखेच दिसतात. शेतात पहिले बांध फोडून माती नेते, दुसरे मुळाशी मुरते.

मग करावे काय? सगळी जमीन एकाच रीतीला बांधू नये. निचऱ्याच्या वरच्या रानात धूळवाफ आणि सखल खाचरात लावण, अशी वाटणी ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावी. तरवा एकदम न टाकता दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा टाकावा. चिखलणीला पाणी नसल्यामुळे रोप महिन्यावर गेले तर त्याला फुटवे कमी येतात. अशा वेळी एका चुडात दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे घेऊन दाट लावावे. युरियाचा हप्ता आभाळ भरलेले असताना देऊ नये. दिलेला युरिया ओढ्याला जातो, आणि उरलेला रिमझिम व ढगाळ हवेत करप्याला आमंत्रण देतो. शेततळ्याचे पाणी लोंबी बाहेर पडण्याच्या वेळेसाठी राखावे. भाताला तेव्हा ताण बसला तर दाणे पोचट राहतात.

शिवाय गावात एक तरी पर्जन्यमापक असावा. रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. एक मि.मी. पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०० लिटर पाणी, हे ध्यानात ठेवले की आकड्याला अर्थ येतो. पाच वर्षांची वही जमली म्हणजे आपल्या शिवारात खंड कधी पडतो ते तिच्यातून दिसू लागते. शहरातला आकडा गावाला लागू पडत नाही, हे वर सांगितलेच.

लावणीच्या दिवसांत पायांना चिखल्या होतात, पायाला कापलेले असते, आणि पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. जखम झाकूनच चिखलात उतरावे. ताप, पोटऱ्यांत दुखणे आणि डोळे लाल होणे ही लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे असू शकतात. घरगुती काढ्यात दिवस घालवू नयेत, डॉक्टरांना चिखलात काम केल्याचे मुद्दाम सांगावे.

परतीचा पाऊस अलीकडे लांबतो. हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा सुधारल्या, तेव्हा वायव्य भारतातून मान्सून माघारी फिरण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबर केली. कापून आडवे टाकलेले भात हस्त-चित्राच्या गडगडाटी पावसात सापडले की लोंबीतच मोड येतात. म्हणून दोन कोरडे दिवस दिसत नसतील तर विळा लावू नये. तोच पाऊस कापणीच्या थोडा आधी पडून गेला, तर मसूर आणि वाटाणा मात्र वरून पाणी न देता त्या ओलीवर येतो. त्यासाठी भात निघाल्यावर ओल उडायच्या आत कुरी धरायला हवी.