स्लो नाही, लेट! फोनवरचं गाणं मध्येच का तुटतं?

तर झालं असं. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईची तक्रार तयारच होती. “अगं, तानपुरा अडकतोय. सूर लागतो न लागतो तोच हा तुटतो.”

आई निवृत्त झाल्यावर गाणं शिकायला लागली. पहाटे देवघरात बसून रियाज करते. तानपुऱ्याचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये आहे, ते ब्लूटूथ स्पीकरवर लावते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात फोन दाखवून झाला होता. “काकू, फोन जुना झालाय, स्लो पडतोय, नवा घ्या,” असं उत्तर मिळालं. मग आईनं हिशोब मांडला: नवा फोन घ्यायचा, आणि त्यासाठी सहा महिने गाण्याचा क्लास बंद.

माझं पीएचडीचं काम रिअल-टाइम शेड्युलिंगवर आहे. म्हणजे एकाच प्रोसेसरवर अनेक कामं चालू असताना प्रत्येक काम आपापल्या ठरलेल्या वेळेत पूर्ण होईल याची खात्री कशी द्यायची, हा प्रश्न. आजवर घरी कुणाला माझा विषय नीट समजावता आला नव्हता. आईच्या तानपुऱ्यानं ते काम सोपं केलं.

काम थोडं, पण वेळेवर हवं

फोनमध्ये आवाज म्हणजे आकड्यांची रांग असते. सीडीवर एका सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, बहुतेक अँड्रॉइड फोनचं ध्वनी-हार्डवेअर ४८,००० घेतं, आणि स्टिरिओ असेल तर डाव्या-उजव्या बाजूचे वेगळे. हार्डवेअर हे आकडे आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर उचलतं आणि कुणासाठी थांबत नाही. समजा त्याला २० मिलिसेकंदांचा एकेक घास द्यायचा आहे, तर दर घासाला ९६० आकडे तयार हवेत. घास वेळेवर आला नाही की त्या जागी शांतता जाते. वाहता आवाज एकदम शून्यावर पडतो, आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू येतं.

आता गंमत बघा. चांगल्या दर्जाची ३२० केबीपीएसची एमपीथ्री फाइल सेकंदाला फक्त ४० किलोबाइट मागते. दहा वर्षांपूर्वीचा फोनही हे काम आरामात करतो. म्हणजे ताकद कमी पडत नाही. मग बिघडतं कुठं?

समजा फोनला एक घास तयार करायला सरासरी ३ मिलिसेकंद लागतात आणि मुदत २० ची आहे. छान. पण हजारातून एकदा काहीतरी आडवं येतं आणि ६० लागतात. सरासरी जेमतेम ३.०६ होते, कागदावर काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण हजार घास म्हणजे फक्त २० सेकंदांचं गाणं! म्हणजे दर वीस सेकंदांनी एकदा तानपुरा तुटणार.

आमच्या विषयात पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच: सरासरीला महत्त्व नाही, सर्वांत वाईट वेळेला आहे. ‘स्लो’ असणं आणि ‘लेट’ असणं हे दोन वेगळे आजार आहेत.

कानही फार कडक परीक्षक. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, एखादं गळालं तर अनेकदा कळतही नाही. आवाजात मात्र प्रयोगशाळेतले सरावलेले श्रोते खरखरीतली दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा ओळखतात. त्यात तानपुरा म्हणजे अखंड नाद. ढोल-ताशात एखादा ‘टक्’ खपून जाईल, तानपुऱ्यात लपायला जागाच नाही.

गच्चीवरची टाकी

यावर उपाय आपल्याला घरातच माहीत आहे. नळाला पाणी तासभरच येतं, तरी दिवसभर मोरीत पाणी असतं, कारण मध्ये टाकी आहे. फोनमधल्या अशा टाकीला बफर म्हणतात. आकडे आगाऊ तयार करून साठवायचे, हार्डवेअर त्यातून उचलत राहील. मध्ये थोडा उशीर झाला तरी टाकी तग धरते. टाकी रिकामी झाली की आवाज तुटतो.

मग टाकी भलीमोठीच का ठेवत नाहीत? कारण टाकीत जेवढं साठलेलं, तेवढा उशीर. फोनवर बोलताना समोरच्याचा आवाज दोन सेकंदांनी आला तर संभाषण होईल का? गाण्याला मात्र घाई नाही, म्हणून अँड्रॉइड संगीतासाठी मुद्दाम मोठी टाकी वापरतं. ती भरून प्रोसेसर थोडी झोप घेतो, बॅटरी वाचते.

शिवाय टाकी एक नसते, रांगच असते. इंटरनेटवरून आलेलं गाणं ॲपच्या टाकीत बरेच सेकंद साठतं. तिथून ते उलगडून फोनच्या ध्वनी-टाकीत जातं. ब्लूटूथ असेल तर पुन्हा बांधून हवेतून स्पीकरच्या टाकीत, आणि ही टाकी छोटी. म्हणून आवाज कसा तुटतो ते नीट ऐकलं तर कुठली टाकी आटली याचा अंदाज येतो.

गाणं कित्येक सेकंद थांबतं आणि पडद्यावर गोल फिरत राहतं: इंटरनेटची टाकी आटली.

बारीक ‘टक्-टक्’ किंवा खरखर, वायरचे इअरफोन लावले तरी: फोनच्या आतल्या टाकीला घास वेळेवर मिळत नाही. किंवा फाइल ज्या मेमरी कार्डावर आहे, ते झिजलंय आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतंय.

अर्धा-एक सेकंद आवाज गायब, मग परत, आणि आपण खोलीत हललो की फरक पडतो: ब्लूटूथ.

काही मिनिटं उत्तम चालतं आणि मग एकदम गप्प, पडदा उघडेपर्यंत: ॲपलाच झोपवलं गेलंय.

आधी कोण?

फोनमध्ये एकाच वेळी शेकडो कामं चालू असतात. आधी कुणाला सोडायचं? १९७३ साली लिऊ आणि लेलँड या दोघांनी एक निबंध लिहिला, तो आमच्या विषयाचा पाया मानतात. एकच प्रोसेसर, ठरावीक वेळानं परत येणारी, एकमेकांवर न अवलंबणारी कामं, आणि पुढची फेरी येण्याआधी आधीची संपलीच पाहिजे अशी मुदत. ज्याची फेरी लवकर येते त्याला वरचा मान द्यायचा. त्यांनी सिद्ध केलं की कामं कितीही असोत, प्रोसेसरवरचा एकूण भार साधारण ६९ टक्क्यांच्या आत असेल तर एकही मुदत चुकणार नाही. म्हणजे पक्की हमी हवी तर जवळपास एक तृतीयांश ताकद रिकामी ठेवायची तयारी हवी! आईला हे लगेच पटलं. “लग्नाच्या पंगतीत वाढपी थोडे जास्तच ठेवतात, तसं.”

पण मान देऊनही घोटाळा होतो. समजा विभागप्रमुखांना तातडीनं प्रयोगशाळेची किल्ली हवी आहे. किल्ली शिपाईकाकांकडे. आणि काकांना एका क्लार्कनं झेरॉक्सच्या रांगेत उभं केलंय. क्लार्क प्रमुखांपेक्षा खालचा, तरी प्रमुख त्याच्या झेरॉक्ससाठी ताटकळतात. याला प्राधान्य-उलथापालथ म्हणू. १९९७ च्या जुलैमध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात नेमकं हेच झालं. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी मानाचं काम ‘किल्ली’ धरून बसलं, मधल्या मानाच्या कामानं त्याला बाजूला सारलं, आणि वरच्या मानाचं काम मुदत चुकवून बसलं. मुदत चुकली की यानाचा संगणक स्वतःला रीसेट करायचा. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच बिघाड घडवून कारण शोधलं आणि उपाय वर पाठवला: ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला तेवढ्यापुरता प्रमुखांचा मान द्या. फोनच्या ध्वनियंत्रणेतही ही उलथापालथ टाळायची काळजी घ्यावी लागते.

आईच्या तानपुऱ्याचं काय झालं?

इथं मला थोडी कबुली द्यायची आहे. पहिल्या संध्याकाळी मी फोन रीस्टार्ट केला, कॅशे पुसली, चार ॲप्स बंद केली, तानपुरा लावला. अर्धा तास स्वच्छ चालला. “झालं बघ,” म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे परत तुटला. एकदम चार गोष्टी बदलायच्या नाहीत आणि जिथं, जेव्हा बिघाड होतो तिथं, तेव्हाच तपासायचं, हे मी ज्युनियर मुलांना सांगत असते. घरी गेल्यावर विसरले.

मग पहाटे साडेपाचला वही घेऊन आईशेजारी बसले. दहा-दहा मिनिटं, एका वेळी एकच बदल, दर तुटण्याला एक रेघ.

आधी स्पीकर बंद, फक्त फोनवर. एकही रेघ नाही. म्हणजे फाइल ठीक, फोनच्या आतल्या टाक्याही ठीक. ‘जुना, स्लो’ हा आरोप इथंच गळाला. मग ब्लूटूथ स्पीकर, फोन त्याच्याच शेजारी: दोन रेघा. मग फोन रोजच्या जागी, म्हणजे स्वयंपाकघरात फ्रिजमागच्या चार्जरवर: अर्धं पान भरलं. तीच जागा, पण फोनचं वायफाय बंद: चार रेघा.

कारण असं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. तिथल्या ७९ वाटांवरून ते सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत जातं, म्हणजे एका वाटेवर गर्दी असली तरी दुसरी मिळते. पण घरातलं जुनं वायफायही त्याच पट्ट्यात, आणि ते एकटं सुमारे २० वाटा अडवतं. २००३ पासून ब्लूटूथला गर्दीच्या वाटा टाळायची अक्कल आली आहे, पण बहुतेक फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये असतात आणि आळीपाळीनं बोलतात. पहाटे साडेपाचला फोनवर काय येतं? फॅमिली ग्रुपवरचे ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ, आपोआप डाउनलोड होणारे! त्यात फ्रिजचा पत्रा आणि एक भिंत मध्ये. हरवलेला तुकडा ब्लूटूथ परत पाठवतं, म्हणून आवाज चुकीचा येत नाही, पण पोचतो उशिरा. तेवढ्यात स्पीकरची छोटी टाकी आटते.

वही चाळताना आणखी एक निघालं. एकदा तानपुरा अठराव्या मिनिटाला पूर्ण गप्प झाला होता. हा आजारच वेगळा होता. आई दोन्हीला ‘अडकतोय’च म्हणत होती आणि मी विचारलं नव्हतं. बॅटरी वाचवण्यासाठी पडदा बंद असताना ॲप्सवर बंधनं घालायला अँड्रॉइडनं २०१५ मध्ये सुरुवात केली, आणि काही फोन त्याच्याही पुढं जाऊन गाणं लावणारं ॲपच बंद करतात. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केली, प्रश्न संपला.

तुमच्याकडे असं होत असेल तर

१. आधी नीट ऐका. टक्-टक् होतंय, मध्येच गायब होतंय, की पूर्ण थांबतंय? वेळ आणि जागा लिहून ठेवा.

२. गाणं डाउनलोड करून विमान मोडमध्ये फोनच्याच स्पीकरवर लावा. स्वच्छ चाललं तर फोन निर्दोष. मग एकेक कडी जोडा: आधी ब्लूटूथ, मग इंटरनेट.

३. ब्लूटूथवर संशय असेल तर फोन स्पीकरजवळ आणा. मागच्या खिशात ठेवू नका, आपलं शरीर बहुतांशी पाणी आहे आणि ते हे तरंग शोषतं. राउटरला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असेल तर फोन त्यावर जोडा.

४. टक्-टक् आतूनच येत असेल तर फाइल मेमरी कार्डावरून फोनच्या मेमरीत हलवा, फोन तापलाय का बघा (तापला की प्रोसेसर मुद्दाम वेग कमी करतो), बॅटरी सेव्हर बंद करून बघा.

५. ‘फोन क्लीन करा, स्पीड वाढवा’ म्हणणारी ॲप्स काढून टाका. ती मागं चालणारी ॲप्स बंद करत सुटतात, त्यात तुमचं गाणंही जातं.

६. एका वेळी एकच बदल. हे मी स्वतःलाही सांगतेय.

एवढं करूनही विमान मोडमध्ये, आतल्या मेमरीवरून, थंड फोनवर आवाज तुटत असेल, तर दुकानात जा. पण काय काय तपासलं ते सांगा, म्हणजे ‘नवा घ्या’ एवढंच उत्तर मिळणार नाही.

आईचा फोन आता देवघरात स्पीकरशेजारी असतो. व्हिडिओंचं आपोआप डाउनलोड बंद. खर्च शून्य. क्लासची फी तिनं पाडव्यानंतर भरली. परवा फोनवर म्हणाली, “तुझं ते वेळेवर पोचायचं शास्त्र छान आहे गं. थीसिस कधी देणारेस?”

ती मुदत मात्र मी अजून पाळलेली नाही.