गोळी सोडण्यात कसला निर्धार?

मधुमेहाचं निदान झालं की घरातली साखर हद्दपार होते आणि गुळाचा चहा सुरू होतो. गूळ नैसर्गिक, म्हणून तो चालतो, ही समजूत घरोघरी आहे. प्रत्यक्षात गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. त्यात खनिजं असतात, पण चहापुरत्या गुळातून ती मिळतात नाममात्र. रक्तातली साखर मात्र वाढायची तशीच वाढते.

उपवासाचं तर त्याहून अवघड. साबुदाणा गोड लागत नाही, म्हणून कुणाला त्याची शंका येत नाही. पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. एकादशीला सकाळी गोळी घ्यायची, दुपारपर्यंत पोटात काही नाही आणि मग ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळं. आधी साखर घसरण्याची भीती आणि नंतर ती एकदम चढणार. उपवास करायचाच असेल तर गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

‘ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते’, हेही खरं नाही. भाकरी चांगलीच, पण एक-दीड भाकरीबरोबर वाटीभर उसळ आणि भरपूर पालेभाजी हवी.

चालण्याबद्दल मात्र जेवढं चांगलं ऐकता, ते बहुतेक खरं आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता ओढून घेतो. हा फायदा एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून रविवारी दोन तास चालून आठवडा भरून निघत नाही. रोज अर्धा तास, शिवाय जेवणानंतर दहा मिनिटं, हे पुष्कळांना जमण्यासारखं आहे.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते: ‘मनावर घेतलं तर मधुमेह कायमचा जातो, गोळ्या फेकून द्या.’ ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात कडक आहार आणि वजनघटीमुळे वर्षभरानंतर 46 टक्के लोकांची साखर औषधांविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. आशा वाटावी असेच हे आकडे आहेत. पण त्यात निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेलेच लोक होते, इन्सुलिन घेणारे नव्हते, आणि औषधं बंद झाली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वजन परत वाढलं की साखरही परतते. पंधरा-वीस वर्षांच्या मधुमेहात स्वादुपिंडाची ताकदच घटलेली असते. अशा माणसाला इन्सुलिन लागलं तर तो कुठे कमी पडला असं अजिबात नाही. आणि ‘गोळ्यांनी किडनी जाते’ म्हणून औषध टाळणाऱ्यांच्या किडनीचं खरं नुकसान वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि रक्तदाब करतात. निर्धार लागतो तो गोळी वेळेवर घ्यायला, दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी ही रक्ततपासणी करायला, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतली प्रथिनं आणि पाय तपासून घ्यायला.

चालणं-खाणं सुधारलं की तीच जुनी मात्रा जास्त होऊ शकते, विशेषतः इन्सुलिनची किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीची. हातापायाला कंप, दरदरून घाम, एकाएकी कडकडून भूक अशी लक्षणं दिसली तर साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मात्रा कमी करायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.