कन्सोलवरील वापरकर्ता आणि उपकरणांची परवानगी

नाशिकसारख्या शहरातील महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेत एकाच लिनक्स संगणकावर दिवसभरात अनेक विद्यार्थी बसतात. नेटवर्कवरूनही त्यात प्रवेश करता येतो. अशा वेळी मायक्रोफोन व वेबकॅम यांचा ताबा कोणाकडे असावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून खाजगीपणाचाही आहे.

युनिक्समध्ये बहुतेक उपकरणे फाइलच्या रूपात असतात आणि मालक, गट व इतर अशा तीन स्तरांवर परवानगी ठरते. सर्व विद्यार्थ्यांना ‘ऑडिओ’ गटात घालणे हा सोपा उपाय. परंतु गटाचे सदस्यत्व नावाला चिकटते, खुर्चीला नव्हे. परिणामी एसएसएचद्वारे दुरून आलेला सदस्यही समोर बसलेल्याचे संभाषण ध्वनिमुद्रित करू शकतो.

रेड हॅटच्या ‘पॅम कन्सोल’ मॉड्यूलने लॉग-इन होताच फाइलची मालकी कन्सोलवरील व्यक्तीस देण्याची व लॉग-आउटनंतर काढून घेण्याची पद्धत आणली. खरी मेख येथेच आहे. परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना. आधीच उघडलेली फाइल मालकी बदलल्यावरही वाचता येते. मागे चालू ठेवलेला प्रोग्राम पुढच्या विद्यार्थ्याचे बोलणे ऐकत राहतो, आणि त्यास पत्ताही नसतो.

पुढे ‘कन्सोलकिट’ व 2011 नंतर ‘सिस्टमडी-लॉगइनडी’ यांच्यामुळे एसीएलची, म्हणजे व्यक्तीच्या नावे केलेल्या जादा परवानगीची, नोंद सक्रिय सत्रापुरतीच राहू लागली. कळफलक व माऊस यांचे उघडे दुवेही लॉगइनडीला तोडता येतात, ध्वनिउपकरणांचे नाही. म्हणून प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ‘ऑडिओ’ गटातून वगळणे आणि लॉग-आउटसोबत सत्रातील सर्व प्रोग्राम बंद करणारी ‘किल-यूझर-प्रोसेसेस’ ही मांडणी सुरू ठेवणे इष्ट ठरते.