टोपीदार रिव्हॉल्व्हर

काळी दारू, शिशाची गोळी आणि तांब्याची टोपी म्हणजे केप ही तीन अंगे वेगवेगळी भरून उडवावयाचे, फिरत्या दंडगोलाचे आखूड अग्निशस्त्र. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात ते प्रचारात आले आणि धातूच्या काडतुसाचा प्रसार होईपर्यंत, म्हणजे सु. १८७० पर्यंत, ते घोडदळाचे व सैनिकी अधिकाऱ्यांचे महत्त्वाचे आखूड हत्यार होते. आधुनिक रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात दारू, गोळी व प्रज्वलक ही कारखान्यातच एका धातूच्या कोशात बसविलेली असतात. टोपीदार रिव्हॉल्व्हरला असा कोश नसतो. दंडगोलातील प्रत्येक कक्ष हेच काडतूस असते आणि ते तयार करण्याचे काम वापरणाऱ्यालाच करावे लागते. हत्याराची निवड, ते भरण्याचा क्रम व त्यातील धोके या तिन्ही गोष्टी या एकाच वैशिष्ट्यातून उद्‌भवतात.

इतिहास : चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी उघड्या रंजकावर पडे व तेथून जाळ आतील दारूपर्यंत पोहोचे. पाऊस, वारा व दमट हवा यांमुळे बार अनेकदा फुकट जाई. एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० मध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटाचे वर्णन प्रसिद्ध केले. आघाताने पेट घेणाऱ्या अशा द्रव्यांचा बंदुकीसाठी उपयोग करण्याच्या युक्तीचे एकस्व अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतले. पुढे हे द्रव्य तांब्याच्या लहानशा टोपीत भरण्याची पद्धत रूढ झाली व ठिणगीचा उघडा मार्ग बंद झाला.

अनेक कक्षांचे फिरते हत्यार बनविण्याचे प्रयत्न जुने होते. परंतु ते व्यवहार्य झाले ते या टोपीमुळेच. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन उद्योजकाने १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये व १८३६ मध्ये अमेरिकेत एकस्वे मिळविली. घोडा मागे ओढताच दंडगोल आपोआप एक घर फिरावा व नळीच्या रेषेत पक्का अडकावा, अशी त्याच्या हत्याराची योजना होती. न्यू जर्सीतील पॅटर्सन येथील त्याचा कारखाना १८४२ मध्ये बंद पडला; तथापि मेक्सिकोबरोबरच्या युद्धकाळात सॅम्युएल वॉकर या अधिकाऱ्याच्या सूचनांनुसार १८४७ मध्ये त्याने .४४ कॅलिबरचे, सु. २ किग्रॅ. वजनाचे एक प्रचंड रिव्हॉल्व्हर तयार करविले. त्याच्या एका कक्षात ६० ग्रेन (सु. ३·९ ग्रॅ.) दारू मावत असे. यांपैकी काहींचे दंडगोल फुटल्याने पुढील नमुन्यात कक्षाची लांबी व दारूचे प्रमाण कमी करण्यात आले. त्यानंतरचे .३६ कॅलिबरचे ‘नेव्ही’ (१८५१) व .४४ कॅलिबरचे ‘आर्मी’ (१८६०) हे कोल्टचे नमुने विशेष प्रसिद्ध आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) त्यांच्याबरोबरच रेमिंग्टन कंपनीचे बंद सांगाड्याचे रिव्हॉल्व्हरही मोठ्या प्रमाणावर वापरले गेले.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात आपले रिव्हॉल्व्हर मांडले. नुसता चाप ओढला, की घोडा उचलला जाऊन बार होई. कोल्टच्या हत्यारात मात्र प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे. भारतातील १८५७ च्या उठावाच्या वेळी अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांपाशी या दोन्ही प्रकारांची रिव्हॉल्व्हरे होती. दंडगोलाच्या आरपार छिद्र पाडून त्यात मागून काडतूस भरण्याचे रोलिन व्हाइट यांचे १८५५ चे अमेरिकन एकस्व १८६९ मध्ये संपले. त्यानंतर धातूच्या काडतुसाची रिव्हॉल्व्हरे सर्व कारखान्यांना बनविता येऊ लागली आणि टोपीदार हत्यार मागे पडले.

रचना : नळी, दंडगोल, सांगाडा, घोडा, चाप व मूठ हे मुख्य भाग होत. दंडगोलात बहुधा पाच किंवा सहा कक्ष असतात. ते पुढून उघडे व मागून बंद असतात. प्रत्येक कक्षाच्या मागील बाजूस एक पोकळ, आट्यांची पोलादी नळकांडी बसविलेली असते. तिला निपल म्हणतात. निपलवर टोपी घट्ट बसते. घोडा टोपीवर आपटला, की तिच्यातील द्रव्य पेटते व ज्वाला निपलच्या छिद्रातून कक्षातील दारूपर्यंत जाते. नळीखाली एक तरफ असते. तिच्या साहाय्याने गोळी कक्षात ठासली जाते. ठासणीच्या बंदुकीत जे काम गज करतो, तेच येथे तरफ करते.

निवड : निवड करताना प्रथम सांगाडा पाहतात. कोल्टच्या नमुन्यात दंडगोलावर पट्टी नसते आणि नळी एका पाचरीने जखडलेली असते. त्यामुळे हत्यार सहज सुटे होते. पण मागील नेमाची खाच घोड्यावरच असल्याने नेम तितकासा स्थिर राहत नाही. रेमिंग्टनच्या नमुन्यात दंडगोलावरून जाणाऱ्या पट्टीमुळे सांगाडा सलग व अधिक भक्कम होतो आणि नेमाची खाच त्या पट्टीतच असते. नेमबाजीसाठी म्हणून हा नमुना अनेकांना पसंत पडतो.

सांगाड्याचा धातूही महत्त्वाचा आहे. यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांत लोखंड व पोलाद यांची टंचाई असल्याने काही कारखान्यांनी पितळी सांगाड्याची रिव्हॉल्व्हरे बनविली. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने जड बारांनी असा सांगाडा हळूहळू ताणला जातो व दंडगोल आणि नळी यांतील फट वाढते. म्हणून नियमित वापरासाठी पोलादी सांगाडाच योग्य. पितळी असल्यास बार हलका ठेवावा लागतो. घोडा पूर्ण ताणल्यावर दंडगोल डुलता कामा नये आणि प्रत्येक कक्ष नळीच्या रेषेत यावयास हवा. तसे नसल्यास गोळीचा काही भाग नळीच्या तोंडाशी कापला जाऊन बाजूस उडतो. जुने अस्सल हत्यार तज्ज्ञ कारागिराकडून तपासून घेतल्याखेरीज उडवू नये. गंजलेले कक्ष व झिजलेले निपल बाहेरून ध्यानात येत नाहीत.

दारू व गोळी : काळ्या दारूत वजनाने सु. ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असतो. रिव्हॉल्व्हरसाठी तिचे बारीक दाणे घेतात. धूरहीन दारू या हत्यारात कधीही वापरू नये. तेवढ्याच आकारमानाच्या धूरहीन दारूने निर्माण होणारा दाब कितीतरी पट अधिक असतो व दंडगोल फुटून वापरणाऱ्यास प्राणघातक इजा होऊ शकते. दारू मापाने म्हणजे आकारमानाने मोजतात. .३६ कॅलिबरसाठी साधारणतः १५ ते २० ग्रेन व .४४ साठी २५ ते ३० ग्रेनचे माप नेमबाजीस पुरेसे होते (१ ग्रेन = ०·०६४८ ग्रॅ.). कक्षात अधिक दारू मावते म्हणून अधिक भरावी, असे नाही. हलक्या बाराने नेम सहसा अधिक चांगला साधतो.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची असते. तिचा व्यास कक्षाच्या तोंडापेक्षा किंचित अधिक घेतात. .३६ कॅलिबरसाठी बहुधा ०·३७५ इंच (९·५ मिमी.) व .४४ साठी ०·४५१ किंवा ०·४५४ इंच (सु. ११·५ मिमी.) व्यासाची गोळी घेतात. ती ठासली जाताना तोंडाशी शिशाची एक बारीक कडी कापली जाते. ही कडी सर्व बाजूंनी सलग निघाली, तर गोळी कक्षाच्या भिंतीला घट्ट लागली असे समजतात.

भरण्याचा क्रम : हत्यार रिकामे असल्याची खात्री करून कक्षांतील व निपलमधील तेल पुसून काढतात, कारण तेलाने दारू निकामी होते. निपलची छिद्रे मोकळी करण्यासाठी रिकाम्या कक्षांवर एकेक टोपी उडविण्याचीही पद्धत आहे. नंतर घोडा अर्धा ताणतात, म्हणजे दंडगोल हाताने फिरविता येतो. दारू भुकटीच्या डब्यातून प्रथम मापात व मापातून कक्षात ओततात. डबा थेट कक्षावर धरीत नाहीत. आत ठिणगी राहिली असल्यास सबंध डबा हातात भडकण्याचा संभव असतो. दारूवर चरबी किंवा मेण लावलेली नमद्याची चकती ठेवून तीवर गोळी बसवितात आणि कक्ष तरफेखाली आणून ती एकसारख्या दाबाने ठासतात.

गोळी व दारू यांत पोकळी राहू न देणे हा या क्रियेतील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. पोकळी राहिल्यास दाब अनियमितपणे वाढून कक्षाला इजा पोहोचू शकते. दारू थोडी असून गोळी तिच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर मधली जागा रव्यासारख्या निरुपद्रवी पदार्थाने भरून काढतात. गोळी कक्षाच्या तोंडाबाहेर राहिली, तर दंडगोल फिरत नाही. चकती घातली नसल्यास गोळीवर चरबी लावतात. टोप्या सर्वांत शेवटी, उडविण्याच्या जागी आल्यावर व नळी लक्ष्याकडे रोखूनच चढवितात. सहांपैकी पाचच कक्ष भरून घोडा रिकाम्या कक्षावर टेकविण्याची प्रथा आहे. भरलेल्या कक्षाच्या टोपीवर टेकलेला घोडा हत्यार खाली पडताच बार उडवू शकतो.

धोके व निगा : एका बाराच्या ज्वालेने शेजारचे कक्षही पेटणे, याला साखळी-बार म्हणतात. सैल गोळीच्या कडेने पुढून किंवा सैल वा गळून पडलेल्या टोपीमुळे मागून ज्वाला शिरते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. म्हणून घट्ट गोळी, चकती वा चरबी आणि योग्य मापाची टोपी हे तिन्ही उपाय एकत्र करावे लागतात. एखादा बार न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून काही काळ थांबावे. दारू उशिरानेही पेट घेते.

काळी दारू जळल्यावर तिचे निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपात उरते. हा साका हवेतील ओलावा शोषतो व पोलाद लवकर गंजते. त्यामुळे वापर होताच दंडगोल व निपल काढून साबणाच्या गरम पाण्याने धुवावे, पूर्ण कोरडे करावे व तेलाचा हात द्यावा.

सद्यःस्थिती : १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या व या हत्याराला छंद आणि क्रीडा म्हणून पुन्हा स्थान मिळाले. ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत टोपीदार रिव्हॉल्व्हरची २५ मी. अंतरावरील नेमबाजी असते. भारतात उडविता येण्याजोगे असे कोणतेही रिव्हॉल्व्हर बाळगण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवाना लागतो. पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेल्या, पण अग्निशस्त्र म्हणून वापरता न येणाऱ्या हत्यारांना या अधिनियमात सूट आहे.