पांढऱ्या बर्गंडीचे अकाली वार्धक्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘वैद्यकीय सोडून काहीही लिहा’ असे संपादकांनी बजावले आहे. चार दशके बालरोगतज्ज्ञ म्हणून काढल्यावर हे माझ्या हातून साधेल की नाही याविषयी मी साशंक होतो. पुढील मजकूर वाचून ती शंका खरी ठरल्याचे वाचकांना दिसेलच. विषय आहे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील पांढरी वाइन, ती चाखावी कशी आणि राखावी किती वर्षे. गोव्यात राहणाऱ्या माणसाने फेणी आणि उर्राक सोडून इतक्या दूर का जावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका मित्राशी निगडित आहे.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करतो. मद्याची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. ‘हृदयासाठी रोज एक ग्लास’ हा सल्ला पूर्वी आपल्यापैकी काहींनी दिला असेल. मीही दिला आहे. तो आता मागे घेतो.

सन २००० मध्ये मी आणि माझा एक वर्गमित्र, जो पॅथॉलॉजिस्ट होता, एका परिषदेनिमित्त फ्रान्सला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला म्हणून बोन या गावी गेलो. वाइनसाठी नव्हे, तर तेथील जुने रुग्णालय पाहण्यासाठी. बर्गंडीच्या सरदार-दरबारातील चॅन्सेलर निकोला रोलां याने १४४३ मध्ये ते गोरगरिबांसाठी स्थापन केले. रंगीबेरंगी कौलांचे उतरते छप्पर, आत लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना पडदे लावलेल्या खाटा आणि टोकाला प्रार्थनास्थळ अशी त्याची रचना आहे. धनिकांनी या संस्थेला शतकानुशतके द्राक्षमळे दान दिले. त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होत आला असून तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी भरतो आणि उत्पन्न रुग्णसेवेकडे जाते. ‘आपल्याकडची ट्रस्टची हॉस्पिटले पावत्या फाडतात, हे बाटल्या विकतात!’ अशी मित्राची टिप्पणी होती.

त्याच गावातून आम्ही १९९६ सालच्या मर्सोच्या दोन बाटल्या घेतल्या. दोन्ही एकाच खोक्यातील होत्या. दुकानदाराने दहा वर्षे थांबा असे सांगितले. एक बाटली मित्राच्या साठीला, म्हणजे २००७ मध्ये, आणि दुसरी मी दवाखाना मुलीच्या हाती सोपवीन त्या दिवशी उघडायची, असे ठरले. दोन्ही बाटल्या माझ्या दवाखान्यातील एका जुन्या फ्रीजमध्ये सर्वांत कमी थंडाव्यावर आडव्या ठेवल्या. बाटली आडवी ठेवली की बूच ओले राहते आणि आक्रसत नाही.

मर्सो, प्युलिनी-माँराशे आणि शासान्य-माँराशे ही बोनच्या दक्षिणेला एका ओळीने वसलेली खेडी. पूर्वेकडे उतरत जाणारी चुनखडीची जमीन आणि शार्दोने हे एकच द्राक्ष. तरीही शेजारशेजारच्या मळ्यांची वाइन वेगळी लागते आणि किमतीत तर जमीन-अस्मानाचे अंतर पडते. सर्वांत नावाजलेला माँराशे हा मळा जेमतेम आठ हेक्टरांचा आहे. या मळ्यांच्या तुकड्यांना तेथे ‘क्लिमा’ म्हणतात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

द्राक्षांचा रस ओकच्या २२८ लिटरच्या पिंपांत आंबवतात. त्यानंतर जिवाणूंच्या क्रियेने मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल होते. सोप्या भाषेत, कैरीचा करकरीत आंबटपणा जाऊन दह्याचा सौम्य आंबटपणा येतो. मृत यीस्टचा साका तळाशी तसाच ठेवतात, कारण तो ऑक्सिजन शोषून घेतो. शेवटी थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळून वाइन बाटलीत भरतात. पुढे बुचातून अत्यल्प ऑक्सिजन आत येत राहतो आणि वाइन सावकाश पिकते. ताज्या फळांचा वास ओसरून मध, भाजलेले हेझलनट, टोस्ट यांचा दरवळ येतो. हिरवट पिवळा रंग सोनेरी होत जातो. सल्फर डायऑक्साइड संपेपर्यंत हा प्रवास सुरक्षित असतो. तो संपला की ऑक्सिजनला अडवणारे फारसे काही उरत नाही.

चाखण्याची रीत आपल्या क्लिनिकल तपासणीहून फार निराळी नाही. तोंडाशी निमुळता असणारा ग्लास एक तृतीयांशच भरावा. वाइन बारा-तेरा अंशांवर असावी. बर्फासारखी गार केली तर गुण आणि दोष दोन्ही झाकले जातात. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा, मग न हलवता वास घ्यावा, मग हलवून पुन्हा घ्यावा. नुकत्याच ओढलेल्या आगकाडीसारखा वास आला तर घाबरू नये, तो गंधकयुक्त संयुगांचा असतो आणि बहुधा हवेने निवळतो. घोट तोंडात घोळवून थोडी हवा ओढावी आणि गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते ते पाहावे. लेबल शक्य तर झाकून ठेवावे. २००१ मध्ये बोर्दो येथील संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन तांबडा रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तांबड्या वाइनसाठी राखीव असलेली विशेषणे वापरली. रेफरल चिठ्ठीवरचे निदान आधी वाचून मग एक्स-रे पाहणाऱ्यांनी हसण्याचे कारण नाही.

मित्राच्या साठीला पहिली बाटली उघडली. ग्लासात ओतताच रंग दिसला, कोऱ्या चहासारखा. वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा आणि त्यामागे आणखी कशाचा तरी. ‘अरे, ही तर मेथी!’ मित्र म्हणाला. मला मात्र उमेदवारीच्या काळात वॉर्डात पाहिलेले मेपल सिरप युरिन डिसीजचे एक बाळ आठवले. बराच वाद झाला. पुढे वाचनात आले की दोघेही बरोबर होतो. मेथीला तिचा वास देणारे सोटोलॉन हे संयुग अकाली ऑक्सिडीकरण झालेल्या पांढऱ्या वाइनमध्ये तयार होते, आणि त्या आजारातील लघवीच्या वासामागेही तेच असल्याचे १९९९ मध्ये दाखवले गेले. प्रसूतीच्या सुमारास मातेने मेथी घेतल्यामुळे नवजात बाळाबाबत या आजाराची नाहक शंका आल्याच्या नोंदीही आहेत. गंमत अशी की शेजारच्या ज्युरा भागातील पिवळ्या वाइनमध्ये हेच सोटोलॉन गुण मानले जाते.

‘तुझ्या फ्रीजने मारली बिचारीला,’ असा निकाल मित्राने दिला. वीज जाण्याचे आपल्याकडचे प्रमाण पाहता मीही तो मान्य केला. पुढची चार वर्षे भेटेल त्याला तो ही हकिकत सांगत असे. २०११ मध्ये तो गेला.

त्यानंतर मी या विषयाचा माग काढला. १९९५-९६ पासूनच्या पांढऱ्या बर्गंडीबद्दल ही तक्रार जगभर होती, थंड तळघरांत राखलेल्या बाटल्यांबद्दलसुद्धा. कारणे एकाहून अधिक सांगितली जातात. बुचांचा असमान दर्जा, सल्फर डायऑक्साइड कमी वापरण्याची प्रथा, साका वारंवार ढवळणे, आणि रस इतक्या हळुवारपणे काढणारी नवी यंत्रे की त्यात नैसर्गिक संरक्षक द्रव्येच कमी उतरतात. बोर्दोच्या प्राध्यापक दनी द्युबूर्द्यू यांच्या प्रयोगशाळेने ग्लुटाथायोनचे महत्त्व दाखवले. आपल्या पेशींचे रक्षण करणारे तेच ग्लुटाथायोन! अलीकडे अनेक उत्पादक बुचाचा भुगा शुद्ध करून बनवलेली एकसारखी बुचे वापरतात. माझे मत असे की ज्यांच्याकडे जुन्या बुचांची पांढरी बर्गंडी आहे त्यांनी आठव्या वर्षापुढे थांबू नये. बाटलीची बायोप्सी करता येत नाही.

२०१४ मध्ये मुलीने दवाखाना हाती घेतला. दुसरी बाटली उघडायची तर वहिनींना बोलावणे भागच होते. वाइन अठरा वर्षांची. तोच फ्रीज, वीज जाण्याचे तेच प्रकार, खोकेही तेच. ग्लासात उतरला तो स्वच्छ सोनेरी रंग. मध, हेझलनट आणि किंचित लिंबाची साल. फ्रीज निर्दोष सुटला. बूच बदलले होते एवढाच फरक. वहिनी वाइन घेत नाहीत. त्यांनी ग्लास नाकाशी बराच वेळ धरला आणि म्हणाल्या, ‘मेथी नाही हो, भाऊजी.’ मग ग्लास माझ्याकडे सरकवला.